मुखवासातील सुपारी : ‘निर्व्यसनी’ घरांसाठी एक हिशेब

जैन गृहस्थाच्या घरी पाहुणा जेवून उठला की त्याच्यासमोर मुखवासाची डबी येते. बडीशेप, धनाडाळ, ओवा, तीळ, वेलदोडा, लवंग आणि त्यांच्या सोबतीला बारीक कातरलेली सुपारी. दुकानाच्या गादीवरही अशीच एक डबी असते आणि सौदा पुरा झाला की ती समोरच्या व्यापाऱ्यापुढे सरकवली जाते. ज्या घरात तंबाखूचे नाव काढलेले चालत नाही, त्या घरातही या डबीला कोणी हरकत घेत नाही. सप्तव्यसनांच्या यादीत जुगार आहे, मांस आहे, मद्य आहे, सुपारी नाही. ती कंदमूळ नाही, झाडाचे फळ आहे. ती पूजेच्या ताटात असते आणि लग्न ठरले की ‘सुपारी फुटली’ असेच मराठीत म्हटले जाते. त्यामुळे ‘तंबाखू नाही ना, मग नुसत्या सुपारीने काय होते?’ असा प्रश्न निघतो, तेव्हा विचारणाऱ्याने त्याचे उत्तर मनाशी आधीच दिलेले असते.

या प्रश्नाचे खरे उत्तर मिळवण्यासाठी मुखरोगांच्या संशोधकांना पन्नास वर्षे खर्ची घालावी लागली. त्या संशोधनाचा मोठा भाग मुंबईच्या प्रयोगशाळांत, पुणे जिल्ह्यातील खेड्यांत आणि ज्या जिल्ह्यात पालीताणा आहे त्या भावनगरात झाला. आलेले उत्तर मात्र या घरांपर्यंत अद्याप नीट पोहोचलेले नाही.

उघडेनासे झालेले तोंड

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या दंतवैद्याने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील एका विचित्र विकाराची नोंद केली. तोंडाच्या आतले अस्तर पांढुरके आणि ताठर झाले होते. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, डॉ. एस. जी. जोशी या मुंबईच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी असेच रुग्ण पाहून या विकाराचे वर्णन केले आणि त्याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिले. आज जगभर तेच नाव चालते. १९६६ मध्ये डेन्मार्कचे मुखरोगतज्ज्ञ प्रा. जेन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या संशोधिका डॉ. सत्यवती सिरसाट यांनी या रोगाची व्याख्या निश्चित केली.

गालाच्या आतले मऊ अस्तर सैल असते, म्हणूनच तोंड उघडते, मिटते, हसते. त्या अस्तराखाली कोलॅजेन नावाच्या तंतूंचा एक थर असतो. या रोगात ते तंतू वाजवीपेक्षा जास्त तयार होतात, एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. आरंभी केवळ तिखट पदार्थ झोंबतात. भाजीत मिरची नेहमीइतकीच असते, तरी घरातला एकच माणूस ‘आज फार तिखट झाले’ असे रोज म्हणू लागतो. पुढे गालाच्या आत पांढरट डाग आणि बोटाला जाणवतील असे दोरखंडासारखे पट्टे उमटतात. जीभ पूर्ण बाहेर येत नाही. फुंकर मारता येत नाही, शीळ वाजत नाही. शेवटी तोंड इतके कमी उघडते की मोठा घास जात नाही आणि दाढ किडली तरी दंतवैद्याला आपले अवजार आत नेता येत नाही.

पहिला संशय मिरचीवर

रोगाचे नाव ठरले, तरी कारण अज्ञात होते. तिखट झोंबते हे पहिले लक्षण असल्यामुळे पहिला संशय मिरचीवरच गेला. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सिरसाट यांनी १९६० मध्ये उंदरांच्या टाळूला मिरचीतील तिखट द्रव्य लावून प्रयोग केले आणि त्यांना काही बदल दिसलेही. परंतु मिरची तर देशातील बहुतेक सर्वच लोक खातात आणि हा रोग सर्वांना होत नाही. जे द्रव्य प्रत्येकाच्या ताटात आहे, ते एकटे काही जणांनाच होणाऱ्या रोगाचे पुरेसे कारण कसे ठरावे? हा गुंता प्रयोगशाळेत सुटण्यासारखा नव्हता. त्यासाठी माणसांत जाऊन मोजणी करणे भाग होते.

ती मोजणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून उभी राहिली. भौतिकशास्त्र आणि गणितासाठी प्रसिद्ध असलेल्या या संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचा एक विभाग होता. या विभागाने प्रा. पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भावनगर, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, सिंगभूम आणि दरभंगा या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची घरोघर जाऊन तोंडे तपासली. त्यानंतर महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोण काय खातो, काय ओढतो, किती वर्षांपासून आणि त्याच्या तोंडात काय दिसते, याची एकेका माणसामागे नोंद झाली. तोवर मुखरोगांची माहिती मुख्यतः रुग्णालयात आलेल्या रुग्णांवरून बांधली जात असे. ही माहिती उंबरठ्यावर बसून गोळा केलेली होती, आणि जो आजारी नाही त्याचीही नोंद तिच्यात होती. आजारी नसलेल्यांची नोंद असल्याशिवाय आजाराचे कारण कळत नाही, हे या संशोधनाचे मूलतत्त्व होते.

एकदा मोजून ही मंडळी थांबली नाहीत. त्याच माणसांकडे ती वर्षानुवर्षे परत जात राहिली. एर्नाकुलम जिल्ह्यातील सबम्युकस फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. हे प्रमाण ७.६ टक्के, म्हणजे साधारण तेरा रुग्णांमागे एक. ताठर झालेले तोंड ही केवळ गैरसोय नसून पुढच्या मोठ्या संकटाची पूर्वसूचना असू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. हा निष्कर्ष काढण्यासाठी सतरा वर्षे वाट पाहण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

भावनगरचा हिशेब

कारणाचा निवाडा करणाऱ्या अभ्यासांत एक पद्धत वापरली जाते आणि व्यापाऱ्याला ती परकी वाटणार नाही. एकाच पेठेतील, एकाच मालाच्या दोन दुकानांपैकी एक तोट्यात गेले तर जाणकार माणूस दोघांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवतो आणि फरक कोठे आहे ते पाहतो. भावनगर येथे नेमके हेच केले गेले. या रोगाचे ६० रुग्ण घेतले आणि त्यांच्याच वयाचे, लिंगाचे व धर्माचे, परंतु हा रोग नसलेले ६० जण तुलनेसाठी निवडले. १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा रुग्णांपैकी एक वगळता सर्व जण सुपारी खाणारे निघाले. तुलनेच्या गटात सुपारी खाणारे निम्म्याहूनही कमी होते.

तरीही शंकेला जागा होती. भावनगरकडे सुपारी बहुधा ‘मावा’ या रूपात खाल्ली जाते आणि माव्यात सुपारीसोबत तंबाखू व चुना असतो. मग दोष सुपारीचा की तंबाखूचा? १९९४ मध्ये कराचीतील १५७ रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक यांची तुलना प्रसिद्ध झाली. तंबाखू न घालता केवळ सुपारी खाणाऱ्यांत या रोगाचा धोका न खाणाऱ्यांच्या तुलनेत शंभरपटीहून अधिक आढळला. इतक्या लहान संख्येवर काढलेला नेमका आकडा काटेकोर मानता येत नाही, पण त्याची दिशा निःसंदिग्ध होती.

यानंतर १९९८ मध्ये भावनगर जिल्ह्यातील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा सुपारीची सवय असल्याचे सांगणारे ५,०१८ पुरुष तपासण्यात आले आणि त्यांत या रोगाचे १६४ रुग्ण सापडले. त्या पुरुषांपैकी १,७८६ जण त्या काळात सुपारी खात होते. १६४ पैकी १६० रुग्ण या १,७८६ जणांतले होते. उरलेल्या ३,२३२ जणांत, म्हणजे तंबाखू वा अन्य सवय असूनही त्या वेळी सुपारी न खाणाऱ्यांत, रुग्ण केवळ ४. एका बाजूला अकरा जणांमागे एक, दुसऱ्या बाजूला आठशे जणांमागे एक. तंबाखू कर्करोगाचे मोठे कारण आहेच, त्याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु तोंड ताठर करणाऱ्या या रोगाच्या खात्यावर नाव सुपारीचेच आहे.

या पाहणीतील आणखी एक नोंद घरातील वडीलधाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के पस्तिशीच्या आतले होते. पूर्वी जेवणानंतर अडकित्त्याने कातरलेली एखादी फोड खाल्ली जाई. पुढे कारखान्यात तयार झालेल्या पुड्या आल्या, सुगंधी व गोड झाल्या, एका रुपयात मिळू लागल्या, आणि आजोबांची दिवसाची एक फोड नातवाच्या दिवसाच्या दहा पुड्यांत बदलली. नातवाने व्यसन केले असे घरात कोणालाच वाटले नाही.

सुपारी नेमके काय करते

सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. ते तोंडातील तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवते आणि त्या पेशी अधिक कोलॅजेन तयार करू लागतात, हे १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत दाखवले गेले. सुपारीत तुरटपणा आणणारे टॅनिनही भरपूर असते. चामडे कमावताना हेच टॅनिन वापरतात, कारण ते कोलॅजेनच्या तंतूंना पक्के करते आणि मग ते सहजी कुजत किंवा विरत नाहीत. जे कातड्याचे होते, तेच जिवंत माणसाच्या गालाच्या आत थोड्या प्रमाणात होत राहते. तिसरी गोष्ट तांब्याची. सुपारीत तांब्याचा अंश बराच असतो आणि तंतूंना तंतू जोडणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या शरीरातील घटकाला तांबे लागते. अशा रीतीने तंतूंची निर्मिती वाढते, ते घट्ट होतात आणि शरीराला ते मोडून काढणे जड जाते. नित्य सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात ही प्रक्रिया वर्षानुवर्षे चालू राहते.

हेच अरेकोलीन मेंदूतही काम करते. तंबाखूतील निकोटीन मेंदूतील ज्या केंद्रांना चेतवते, त्यांच्यापैकी काहींना अरेकोलीनही चेतवते. म्हणून सुपारी खाल्ली की तरतरी येते, अंगात ऊब येते, आणि सुटली तर चैन पडत नाही. ‘सुपारीवाचून जेवण जिरत नाही’ हे वाक्य पचनाचे नसून सवयीचे आहे.

कर्करोगाच्या बाबतीत तंबाखूविना सुपारीचा निवाडा व्हायला अधिक काळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक ठरवला, परंतु तंबाखूविना विड्याबाबत पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. हे प्रामाणिकपणाचे विधान होते. ‘अपुरा पुरावा’ म्हणजे ‘निर्दोष’ असा अर्थ मात्र बाजाराने लावला. पुढे तैवानमधून माहिती येत गेली. तेथील विड्यात तंबाखू घालण्याची प्रथाच नाही, तरीही विडा खाणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. हा सर्व पुरावा तपासून त्याच संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तंबाखूविना विडा आणि स्वतः सुपारी या दोहोंना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही त्याच गटात आहे. भारतात सुपारीच्या पाकिटावर ‘सुपारी खाणे आरोग्यास अपायकारक आहे’ अशा अर्थाची वैधानिक सूचना छापावी लागते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यासोबत पानमसाल्यावरही बंदी आली, ती याच कारणाने.

घरी करता येणारी परीक्षा

या रोगाने एकदा घट्ट केलेले तंतू पूर्ववत सैल करणारे औषध आज उपलब्ध नाही. इंजेक्शने, तोंड उघडण्याचे नियमित व्यायाम, पोषक आहार, लोह व जीवनसत्त्वे यांनी आराम पडतो, तोंड काही प्रमाणात अधिक उघडते. फार पुढे गेलेल्या रुग्णाला शस्त्रक्रिया करावी लागते. मात्र सुपारी चालू ठेवून केलेला कोणताही उपचार म्हणजे एका हाताने कर्ज फेडीत दुसऱ्या हाताने नवे घेण्यासारखे आहे. सवय लवकर सुटली तर रोग तेथेच थांबण्याची शक्यता वाढते. म्हणून लवकर ओळखणे महत्त्वाचे.

तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी ठेवून समोरच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात ती सहसा सहज जातात. दोनच बोटे जात असतील, किंवा पूर्वी जात होती आणि आता अडतात असे वाटत असेल, तर दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. तिखट झोंबणे, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, ही चिन्हेही तितकीच गंभीर आहेत. तोंड दुखत नाही म्हणून थांबणे योग्य नाही, कारण आरंभीच्या अवस्थेत बहुधा ते दुखतच नाही.

अशा साध्या पाहणीचा उपयोग होतो काय, याचेही उत्तर संशोधनाने दिले आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून १३ पंचायतींत मोठा प्रयोग झाला. पस्तिशीपुढील सुमारे १ लाख ९० हजार लोक त्यात होते. काही पंचायतींत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरी जाऊन, उजेडात तोंड उघडून नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली आणि संशयितांना डॉक्टरांकडे पाठवले. इतर पंचायतींत नेहमीची व्यवस्था चालू राहिली. २००५ मध्ये निष्कर्ष आले. सर्व लोकसंख्येचा एकत्र विचार करता फरक निर्णायक नव्हता. परंतु तंबाखू किंवा मद्याची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पाहणी झालेल्या गावांत सुमारे एक तृतीयांशाने कमी भरले. ज्यांना धोका अधिक, त्यांच्या तोंडात वेळीच डोकावून पाहिल्याने जीव वाचतात, एवढे त्यातून स्पष्ट झाले. या पाहणीला ना मोठे यंत्र लागले, ना मोठा खर्च.

सांगून सवय सुटते का, हाही प्रश्न मेहता-पिंडबोर्ग यांच्या गटाने तपासला होता. भावनगर, एर्नाकुलम व श्रीकाकुलम येथे तंबाखूची सवय असलेल्या ३६ हजारांहून अधिक लोकांना दरवर्षी भेटून, तोंड तपासून, समजावून सांगण्यात आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सवय सोडणारे वाढले आणि कर्करोगाआधी उमटणारे पांढरे चट्टे नव्याने होण्याचे प्रमाण ठळकपणे घटले. समजावणारा माणूस परत परत आला, हे या यशाचे रहस्य होते. घरात ते काम आई, पत्नी, सून किंवा मोठा भाऊ यांच्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

यादी आणि तत्त्व

सप्तव्यसनांत सुपारीचे नाव नाही, हे खरे. परंतु जैन आचार केवळ यादीवर उभा नाही. यादीमागे तत्त्व आहे. श्वेतांबर परंपरेतील उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाने ज्या वस्तूंच्या उपभोगाला मर्यादा घातली, त्यांत मुखवासाचाही स्वतंत्र उल्लेख आहे. जेवणानंतर तोंडात टाकायच्या चिमूटभर वस्तूलाही परिमाण असावे, हा विचार तेव्हापासूनचा आहे. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चार प्रकारच्या आहारांत सुपारी स्वादिमात मोडते. चौविहार करणारा श्रावक सूर्यास्तापासून तिचाही त्याग करतो, म्हणजे तिच्यावाचून रात्र काढता येते हे त्याने अनुभवलेले असते. दिगंबर परंपरेतील रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रताच्या संदर्भात जे ‘अनिष्ट’, ते सोडावे असे सांगितले आहे. अनिष्ट म्हणजे जे अन्यथा निषिद्ध नसले, तरी शरीराला अपाय करते.

सुपारी या वर्गात बसते की नाही, हे ठरवायला पूर्वीच्या पिढ्यांपाशी साधन नव्हते. आजोबांनी सुपारी खाल्ली ती अजाणतेपणी खाल्ली. आता लाखांवर लोकांची तोंडे तपासून, दशकानुदशके वाट पाहून पुरावा हाती आला आहे. वर्ग पूर्वाचार्यांनी आखून ठेवलाच होता. त्यात कोणती वस्तू घालायची, तेवढे संशोधनाने दाखवून दिले. विज्ञानाचे आणि आचाराचे येथे भांडण नाही. पूजेच्या ताटातील सुपारीला कोणी हात लावण्याचे कारण नाही. ती देवापुढे आहे तोवर कोणाचे नुकसान करत नाही. प्रश्न तोंडातल्या सुपारीचा आहे.

ज्याला सवय आहे त्याने एका झटक्यात आजन्म त्यागाची प्रतिज्ञा करावीच असे नाही. पच्चक्खाण काळाच्या मर्यादेतही घेता येते. चार महिन्यांचा चातुर्मास सुपारीविना गेला तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांची ओढ मागे पडते आणि पुढचा निर्णय सोपा होतो. डबीत बडीशेप, धनाडाळ, ओवा, भाजलेले तीळ, वेलदोडा, लवंग राहू द्यावेत. तयार मुखवास विकत घेताना पाकिटावरील घटकांची यादी वाचावी, कारण ‘मिक्स’ म्हणून मिळणाऱ्या मुखवासात सुपारी अनेकदा असते. लहान मुलांच्या हाती गोड सुपारीची पुडी कोणत्याही निमित्ताने देऊ नये. लग्नसमारंभात जेवणाच्या दारात ठेवलेल्या ताटातून ती प्रथम मुलेच उचलतात.

शेवटी एक कठीण विषय राहतो आणि व्यापारी समाजाच्या मासिकात तो टाळणे योग्य होणार नाही. अनेक किराणा दुकानांत, सुकामेव्याच्या व मुखवासाच्या पेढ्यांत सुपारी हा रोजच्या विक्रीचा माल आहे. काही घराण्यांचा तो पिढीजात धंदा आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, पण म्हणून सुपारी विकणाऱ्याला विष विकणारा म्हणणे अन्यायाचे होईल. कोकणातला बागायतदार, घाऊक व्यापारी आणि पूजेसाठी चार सुपाऱ्या विकणारा दुकानदार यांना एका तागडीत तोलता येत नाही. तरीही पूजेची अखंड सुपारी आणि शाळेजवळच्या दुकानात लटकणारी रंगीत, गोड पुडीची माळ यांत फरक आहे, आणि तो फरक विकणाऱ्याला इतर कोणापेक्षाही चांगला कळतो. कोणता माल ठेवायचा, कोणता काढून टाकायचा, किती नफा सोडायचा, हे प्रत्येक पेढीने स्वतः ठरवायचे आहे. काही जण एका दिवसात ठरवतील, काहींना हळूहळू दुसऱ्या मालाकडे वळावे लागेल. मात्र ‘ठाऊक नव्हते’ हे कारण आता कोणालाही पुढे करता येणार नाही. पाकिटावरची सूचना ग्राहकाच्या आधी दुकानदाराच्या हातात येते.